घसरणारा क्लच दुरुस्त करताना लिव्हर हलका कसा ठेवावा?

धागाकर्ता

माझी मोटारसायकल एका सिलिंडरची आहे. तिचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला, अनेक प्लेटांचा आणि केबलने चालणारा आहे. गेल्या काही आठवड्यांपासून वरच्या गिअरमध्ये चढ लागला किंवा पुढचे वाहन ओलांडण्यासाठी थ्रॉटल पूर्ण उघडला, की इंजिनाचे फेरे झपाट्याने वाढतात आणि वेग मात्र मागे राहतो. गाडी थंड असताना हे फारसे जाणवत नाही. अर्धा तास चालवल्यावर स्पष्ट जाणवते. त्यामुळे क्लच घसरतो आहे याविषयी मला शंका उरलेली नाही.

माझी खरी अडचण पुढची आहे. माझ्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे आणि आत्ताचा लिव्हरही मला दिवसाअखेर जड वाटतो. गाडी दाखवली तेव्हा कडक स्प्रिंगा बसवण्याचा सल्ला मिळाला. त्याने घसरणे थांबेलही, पण मग माझ्याने गाडी चालवणे होणार नाही. मला गाडी सोडायची नाही. स्प्रिंगांचा जोर न वाढवता क्लचची पकड परत मिळवता येते का, आणि कोणत्या क्रमाने पुढे जावे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

जुना स्वार

इंजिन उघडण्यापूर्वी दोन गोष्टी पाहा, कारण त्यांना फार तर एक तास लागतो.

पहिली गोष्ट म्हणजे लिव्हरचा प्ले. बहुतेक केबलच्या क्लचमध्ये लिव्हरच्या टोकाशी सुमारे १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल हवी. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेला आकडा प्रमाण माना. प्ले संपला असेल, तर केबल सतत किंचित ताणलेली राहते आणि त्या ताणाच्या प्रमाणात स्प्रिंगांचा जोर प्लेटांवरून उचलला जातो. म्हणजे हात लिव्हरवर नसतानाही क्लच थोडासा दाबलेलाच असतो. अनेकांचा असा समज असतो की केबल कालांतराने सैल होते, म्हणून प्ले वाढतच जाणार. केबल ताणली की प्ले वाढतो हे खरे आहे. परंतु प्लेटा झिजल्या की प्रेशर प्लेट (स्प्रिंगांच्या जोराने बाकीच्या प्लेटांना दाबणारी प्लेट) आत सरकते आणि प्ले कमी होतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असतात, त्यामुळे मोजल्याशिवाय काही कळत नाही. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, आणि इंजिन तापलेले असतानाही, हा प्ले टिकतो का ते पाहा.

दुसरी गोष्ट म्हणजे इंजिन ऑइल. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ असे लिहिलेले आहे का? जासो ही जपानमधील वाहन-मानके ठरवणारी संस्था असून तिचे दुचाकींच्या ऑइलसाठीचे टी ९०३ हे मानक १९९८ साली आले. एमए गटाचे ऑइल ओल्या क्लचसाठी असते, तर एमबी गटाच्या ऑइलचे घर्षण कमी असल्याने ते ज्या स्कूटरमध्ये क्लच ऑइलमध्ये नसतो त्यांच्यासाठी योग्य ठरते. इंधन-बचतीचा दावा करणारी चारचाकीची अनेक ऑइले घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनी युक्त असतात. इंजिनाला ती चालतील, पण क्लचच्या प्लेटांना मुळात घर्षणच हवे असते.

धागाकर्ता

आपले मनापासून आभार. दोन्ही बाबतीत दोष सापडला. हँडल उजवीकडे पूर्ण वळवले, की प्ले शून्य होत होता. ऑइलच्या डब्यावर एमए असा उल्लेख कोठेच नव्हता. मागील वेळी घाईत हाताशी आलेले चारचाकीचे ऑइल घातले गेले होते. प्ले १५ मिलिमीटर ठेवला आणि एमए२ गटाचे ऑइल घालून सुमारे दोनशे किलोमीटर गाडी चालवली. घसरणे निम्म्याहून कमी झाले आहे, पण वरच्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलला अजूनही घसरते.

यंत्रशाळा

मग आता क्लच उघडावाच लागेल. त्याआधी त्यामागचे गणित नीट समजून घ्या, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे.

क्लच किती जोर पेलू शकतो हे चार गोष्टींच्या गुणाकारावर ठरते : प्लेटांचा घर्षणगुणांक (म्हणजे त्यांचा पृष्ठभाग किती घट्ट धरतो), त्यांवर दाबणारा स्प्रिंगांचा जोर, प्लेटांची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या. तुमच्या हाताला या चारांपैकी फक्त एकच गोष्ट जाणवते, ती म्हणजे स्प्रिंगांचा जोर. बाकीच्या तीन गोष्टी कितीही सुधारल्या, तरी लिव्हर एका ग्रॅमनेही जड होत नाही. कडक स्प्रिंगा टाकणे हा उपाय लोकप्रिय आहे, कारण तो सोपा आहे. पण चारांपैकी नेमकी हाताला भारी पडणारी गोष्ट तो वाढवतो.

आता झिजेचा विचार करा. एखाद्या क्लचमध्ये स्प्रिंगेची मूळ लांबी ३८ मिलिमीटर आहे आणि बसवल्यावर ती २५ मिलिमीटर होते, असे धरा. म्हणजे ती १३ मिलिमीटर दाबलेली आहे आणि तिचा जोर त्या १३ मिलिमीटरमधून येतो. सहा घर्षण प्लेटा (पकड देणारा थर असलेल्या प्लेटा) प्रत्येकी ०.३ मिलिमीटरने झिजल्या, की प्लेटांचा थर १.८ मिलिमीटरने बारीक होतो, प्रेशर प्लेट तितकी आत जाते आणि स्प्रिंग तितकीच मोकळी होते. १३ चे ११.२ झाले, म्हणजे स्प्रिंग अगदी नवी असूनही जोर सुमारे १४ टक्क्यांनी घटला. त्यावर स्प्रिंगही बसून दीड मिलिमीटरने आखूड झाली असेल, तर ९.७ उरतात आणि मूळ जोराचा चौथा हिस्सा गेलेला असतो. येथे लक्षात घेण्यासारखे हे, की प्लेटा आणि स्प्रिंगा या दोन्ही स्वतंत्रपणे पुस्तिकेतील मर्यादेच्या आत असू शकतात आणि तरीही क्लच घसरतो. मोजणारा माणूस दोन्ही 'ठीक आहेत' असे म्हणून पुन्हा बसवतो आणि दोष शोधत राहतो.

म्हणून माझा आग्रह असा, की प्रथम प्लेटांच्या पूर्ण थराची जाडी मूळ मापावर आणावी आणि कंपनीच्याच मापाच्या स्प्रिंगा वापराव्यात. घर्षण प्लेटांच्या मधे बसणाऱ्या स्टील प्लेटाही काही उत्पादक निरनिराळ्या जाडीच्या देतात, त्या याच कामासाठी असतात.

पाना

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. एका जुन्या गाडीत मी प्रत्येक स्प्रिंगेखाली एक मिलिमीटर जाडीचा वॉशर घातला होता आणि घसरणे त्याच दिवशी थांबले. लिव्हर थोडा जड झाला, पण फार नाही. खर्च जवळजवळ नव्हताच. धागाकर्त्याने हा मार्ग का टाळावा?

यंत्रशाळा

आपल्या गाडीत तो उपयोगी पडला असेल, हे मान्य आहे. माझ्या वरच्या उदाहरणात एक मिलिमीटरचा वॉशर म्हणजे साधारण आठ टक्के जादा जोर, आणि झिजलेल्या थरामुळे गेलेला जोर त्याने काही प्रमाणात परत येतो. पण लिव्हर ओढताना प्रेशर प्लेट आणखी १.८ मिलिमीटर उचलली जाते, म्हणजे स्प्रिंग २३.२ मिलिमीटरपर्यंत दाबली जाते. तिचे सर्व वेढे एकमेकांना टेकण्याची लांबी २२ मिलिमीटर असेल, तर एक मिलिमीटरच्या वॉशरनंतर जेमतेम ०.२ मिलिमीटर अंतर उरते. दोन मिलिमीटरचा वॉशर घातला, तर वेढे आधीच भिडतील, लिव्हर अर्ध्यात दगडासारखा अडेल आणि ताण केबलवर, रिलीज बेअरिंगवर व स्प्रिंगांच्या बोल्टांवर जाईल. वॉशर घालायचाच असेल, तर तारेची जाडी गुणिले वेढ्यांची संख्या हे माप आधी काढावे. शिवाय त्यानंतर नव्या प्लेटा बसवताना तो वॉशर काढण्याची आठवण राहत नाही, आणि मग लिव्हर खरोखरच ओढवेनासा होतो.

लांबचा प्रवासी

आतापर्यंतची चर्चा क्लचच्या आतल्या बाजूची झाली. धागाकर्त्याचा हात दुखतो, त्यामुळे बाहेरची बाजूही तितक्याच काळजीने पाहिली पाहिजे असे मला वाटते. माझ्या मते जड लिव्हरचे कारण पुष्कळदा स्प्रिंगांमध्ये नसून केबलमध्ये असते.

केबलमधील घर्षण वळणांवर अवलंबून असते, आणि ते सरळ बेरजेने न वाढता पटीने वाढते. केबल एकूण १८० अंशांत वळत असेल आणि आतल्या तारेचा घर्षणगुणांक ०.२ असेल, तर क्लचच्या टोकाशी १ एकक ओढ मिळवण्यासाठी हाताकडच्या टोकाशी सुमारे १.८७ एकक ओढावे लागते. घर्षणगुणांक निम्मा केला किंवा वळणे ९० अंशांवर आणली, तर हाच आकडा १.३७ होतो. स्प्रिंगांना हात न लावता लिव्हर चौथ्या हिश्श्याहून अधिक हलका झाला! दोन्ही गोष्टी साधल्या, तर १.१७ पर्यंत खाली येता येते.

हे घर्षण घरी मोजता येते. सामान तोलण्याचा साधा ताणकाटा लिव्हरच्या टोकापासून बोटभर आत अडकवा आणि सावकाश ओढा. लिव्हर अर्ध्या वाटेवर असतानाचा आकडा लिहून ठेवा. नंतर पूर्ण ओढून सावकाश सोडत या आणि त्याच जागी आकडा पुन्हा लिहा. घर्षण नसेल, तर दोन्ही आकडे सारखेच यायला हवेत. ओढताना घर्षण तुमच्या विरुद्ध असते आणि सोडताना ते तुमच्या बाजूने असते, म्हणून दोन आकड्यांतील दरी जितकी मोठी, तितकी केबल आणि सांधे दोषी. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढले, तर स्प्रिंगांचा स्वतःचा वाटा अंदाजे कळतो.

धागाकर्ता

ही पद्धत मला फार उपयोगी वाटली. मी लगेच मोजले. ओढताना ६.५ किलो आणि सोडताना ३.१ किलो असे आकडे आले. वर्गमूळ साधारण ४.५ येते, म्हणजे माझ्या हाताला जाणवणाऱ्या साडेसहा किलोंपैकी दोन किलो निव्वळ घर्षणाचे होते.

आज क्लचही उघडला. गाडी साइड स्टँडवर डावीकडे कललेली ठेवली, त्यामुळे उजवीकडचे कव्हर ऑइल न काढता उघडता आले. घर्षण प्लेटा सहा आहेत. नव्या प्लेटेची जाडी ३ मिलिमीटर आणि मर्यादा २.७ मिलिमीटर असून माझ्या प्लेटा सरासरी २.७५ मिलिमीटर भरल्या. स्प्रिंगा ३८ ऐवजी ३७.२ मिलिमीटर आहेत आणि त्यांची मर्यादा ३६.५ आहे. बसवलेली लांबी यंत्रशाळा यांच्या उदाहरणाप्रमाणेच २५ मिलिमीटर आहे. म्हणजे दोन्ही वस्तू मर्यादेच्या आत आहेत, पण १३ मधून १.५ आणि ०.८ वजा केल्यावर १०.७ उरतात. अठरा टक्के जोर गेला होता आणि कोणत्याही एका मापावरून तो दिसला नसता. पाच स्टील प्लेटांपैकी दोन निळसर झाल्या आहेत. काचेवर ठेवून फिलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) पाहिले, तेव्हा त्यांतील एक ०.२५ मिलिमीटर वाकलेली आढळली. पुस्तिकेतील मर्यादा ०.२ आहे.

आता मनात एक शंका आहे. मूळ मापावर आणल्यावर स्प्रिंगांचा जोर १०.७ वरून पुन्हा १३ वर, म्हणजे आत्तापेक्षा सुमारे एकवीस टक्क्यांनी वाढणार, म्हणजे लिव्हरही तितकाच जड होणार ना?

यंत्रशाळा

होय, आणि हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. झिजलेल्या क्लचचा लिव्हर नव्या क्लचपेक्षा हलका असतो. दुरुस्तीनंतर तो थोडा जड लागला, तर काही बिघडले असे समजू नये. तुमच्या आकड्यांवरून केबल आहे तशीच ठेवली, तर ६.५ चे साधारण ७.९ किलो होतील. केबलचे घर्षण कमी केले, तर मात्र ही वाढ पूर्ण भरून निघू शकते. म्हणून दोन्ही कामे एकत्र करा.

निळ्या प्लेटा परत वापरू नका. निळेपणा हा अतिउष्णतेचा डाग असतो आणि अशी प्लेट पुढे आणखी वाकते.

पाना

मी वॉशरचा आग्रह सोडतो. आपले मोजमाप पटले. जोडणीच्या वेळी होणाऱ्या चुका मात्र मी स्वतः पाहिल्या आहेत, म्हणून त्या लिहितो.

नव्या घर्षण प्लेटा बसवण्याआधी त्याच ऑइलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा. कोरड्या बसवल्या, तर पहिल्या काही मिनिटांतच जळू शकतात. जुन्या काढताना क्रम आणि दिशा यांचे छायाचित्र घ्या. काही क्लचमध्ये एक घर्षण प्लेट बाकींपेक्षा अरुंद असते आणि तिच्या आत धक्के शोषणारी पातळ वाटीसारखी स्प्रिंग व तिची बैठक असते. ती उलटी बसली किंवा अरुंद प्लेट दुसऱ्या जागी गेली, तर प्लेटांचा थर नीट दाबला जात नाही आणि नवा क्लचही घसरतो. दोन स्टील प्लेटा शेजारी शेजारी बसल्या, तरी तेच होते.

प्लेटा ज्यात बसतात त्या बास्केटच्या दातांवर प्लेटांच्या कानांनी खाचा पाडल्या आहेत का, ते बोटाने चाचपा. उथळ खाचा बारीक कानशीने साफ करता येतात. खोल असतील, तर प्लेटा त्यांत अडकतात आणि क्लच झटक्याने लागतो.

स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे आवळा. बऱ्याच गाड्यांत त्यांची मर्यादा केवळ १० न्यूटन-मीटरच्या आसपास असते. ते ज्या खांबांत बसतात ते ॲल्युमिनियमचे असतात आणि लांब पान्याने सहज तुटतात. पॅकिंग नवे वापरा.

नवा सभासद

माझा प्रश्न याच विषयाशी जोडलेला आहे. इंजिनावरची जी दांडी केबलने ओढली जाते, ती लांब करून लिव्हर हलका करता येतो, असे ऐकले आहे. धागाकर्त्याला हा मार्ग चालेल का?

लांबचा प्रवासी

हलका होतो, पण त्याची किंमत उचलीत मोजावी लागते. दांडी ३५ मिलिमीटरऐवजी ४० मिलिमीटर केली, तर ओढ साडेबारा टक्क्यांनी कमी होते आणि प्रेशर प्लेटची उचलही तितक्याच प्रमाणात कमी होते, १.८ मिलिमीटरची सुमारे १.५८ होते. प्लेटा पूर्ण सुटत नाहीत, गाडी थांबलेली असताना न्यूट्रल सापडत नाही आणि पहिला गिअर आवाज करत पडतो. गाडीत मुळातच जादा उचल असेल, तरच हा उपाय करावा.

त्याऐवजी दांडीचा कोन पाहा. प्लेटा सुटतात त्या क्षणी केबल आणि दांडी यांच्यात साधारण काटकोन असावा. दांडी तिच्या दातेरी दांड्यावर एक दात चुकून बसली असेल, तर ओढीचा बराच भाग वाया जातो. हा दोष मी अनेक वेळा पाहिला आहे आणि तो दुरुस्त करायला काहीच लागत नाही.

जुना स्वार

इंजिनाची ताकद वाढवलेली असेल आणि मूळ क्लच कमीच पडत असेल, तर आणखी एक चांगला मार्ग आहे. काही गाड्यांसाठी पातळ स्टील प्लेटा आणि एक जादा घर्षण प्लेट असा संच मिळतो. सहाऐवजी सात घर्षण प्लेटा झाल्या, की घासणारे पृष्ठभाग १२ वरून १४ होतात आणि त्याच स्प्रिंगांवर क्लच सुमारे १७ टक्के जास्त जोर पेलतो. हाताला काहीही फरक जाणवत नाही. धागाकर्त्याला याची गरज पडेल असे वाटत नाही.

अलीकडच्या अनेक गाड्यांमध्ये लिव्हर अतिशय हलका असतो, त्याचे कारण असिस्ट क्लच. त्यात हब (क्लचचा मधला गाभा) आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये उतरत्या कडा असतात. इंजिन गाडीला ओढू लागले, की त्या कडा प्लेटांना स्वतःहून अधिक दाबतात, म्हणून मऊ स्प्रिंगा पुरतात. अशा क्लचमध्ये कडक स्प्रिंगा टाकणे म्हणजे त्याचा उद्देशच मोडणे होय.

ज्यांचा क्लच हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी द्रवाच्या दाबाने चालणारा आहे, त्यांनी घसरण दिसताच लिव्हरजवळच्या मास्टर सिलिंडरमधील बारीक परतीचे छिद्र तपासावे. ते कचऱ्याने बंद झाले, किंवा लिव्हर पूर्ण मागे येत नसल्याने झाकलेले राहिले, तर तापलेला हायड्रॉलिक द्रव प्रसरण पावून क्लचला आपोआप दाबत राहते.

धागाकर्ता

काम पूर्ण झाले, म्हणून सविस्तर लिहितो.

सहा घर्षण प्लेटा, पाच स्टील प्लेटा आणि चार स्प्रिंगा, सर्व मूळ मापाच्या नव्या बसवल्या. जुनी केबल काढली, तेव्हा हँडलच्या मुळाशी तिच्या बाहेरच्या नळीचा आतील थर फाटलेला दिसला. नवी केबल आतून टेफ्लॉनचा थर असलेली आहे आणि तिच्या उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे तिच्यात ऑइल सोडले नाही. जुनी केबल दिव्याच्या मागून फिरवून नेलेली होती; आता ती मूळ मार्गाने, मोठ्या वळणाने नेली आहे आणि हँडल वळवल्यावर कोठेही ताणत नाही. लिव्हरचा खिळा साफ करून त्याला ग्रीस लावले. त्याचे पितळी बुश अंडाकृती झाले होते, तेही बदलले. दांडीचा कोन मात्र बरोबरच निघाला.

ताणकाट्याचे आकडे असे आहेत : ओढताना ६.१ किलो आणि सोडताना ४.६ किलो. वर्गमूळ काढले तर ५.३ येते, म्हणजे स्प्रिंगांचा जोर अपेक्षेच्या जवळपास, सुमारे अठरा टक्क्यांनी वाढलेला दिसतो. आणि तरीही माझ्या हाताला लिव्हर पूर्वीपेक्षा हलका लागतो. आकडा फक्त ०.४ किलोने कमी असला, तरी जाणवणारा फरक त्याहून मोठा आहे, कारण पूर्वी लिव्हर अडखळत यायचा आणि आता एकसारखा येतो. सोडतानाही क्लच नेमका कोठे लागतो ते बोटांना कळते, त्यामुळे गर्दीत हाफ क्लचवर हात अवघडत नाही.

इंजिन पूर्ण तापल्यावर त्याच चढावर वरच्या गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण उघडून पाहिला. फेरे आणि वेग बरोबरीने वाढले.

पाना

फार आनंद झाला. नव्या प्लेटा एकमेकींवर बसतात तसा थर थोडा दबतो, म्हणून पाचशे किलोमीटरनंतर प्ले पुन्हा मोजा.

धागाकर्ता

मोजला. १५ मिलिमीटरचा ९ झाला होता. पुन्हा १५ केला आहे, आणि आता दर महिन्याला ऑइलची पातळी पाहताना प्लेही मोजतो.